खाडीपर्यंतचे शेवटचे दहा फूट : दिव्यांगांसाठी रोइंग कसे शक्य होते

दाभोळच्या जेटीवर फेरीबोट लागते तेव्हा एक गोष्ट नीट पाहण्यासारखी असते. बोटीच्या तोंडाची लोखंडी फळी खाली येते, जेटीच्या उतारावर टेकते आणि मोटारी, दुचाक्या, टेम्पो एकामागून एक आत शिरतात. धोपाव्याला पोहोचल्यावर तसेच बाहेर पडतात. एखाद्या मोटारीत चालता न येणारा माणूस बसलेला असला तरी कुणाला काही वेगळे करावे लागत नाही. व्हीलचेअर आणली तर तीही त्याच फळीवरून आत जाते. पाणी चढलेले असो वा उतरलेले, उतारावर जिथे पाणी असेल तिथे बोट टेकते. जयगड-तवसाळलाही हीच पद्धत आहे. म्हणजे चाकावरून पाण्यात जाण्याचे तंत्र रत्नागिरी जिल्ह्याला माहीत आहे, रोजच्या वापरातले आहे.

आता त्याच खाडीच्या काठाने छोट्या होड्यांच्या धक्क्यांकडे जा. तिथे पायऱ्या असतात. खालच्या पाच-सहा पायऱ्या शेवाळाने हिरव्या झालेल्या. ओहोटीला शेवटच्या पायरीच्या खाली चिखल आणि पुढे होडी. तरणाबांडसुद्धा चप्पल हातात घेऊन उतरतो. कुबडी घेतलेला माणूस वरच थांबतो.

माझ्या ओळखीचा एकजण लहानपणी पोलिओ झालेला. दोन्ही खांदे पहिलवानासारखे, कारण आयुष्यभर अंगाचे ओझे त्याने हातांवर पेलले. एकदा आम्ही चौघांनी त्याला उचलून होडीत ठेवले. आम्हाला वाटले, मोठे काम केले. परतताना तो म्हणाला, "उचलून नेता तेव्हा मी सामान असतो. मला वल्हे दिले असते तर खलाशी झालो असतो." त्या दिवशी होडीत वल्ही दोन होती आणि दोन्ही आमच्या हातात होती. हा लेख त्या वाक्यातून सुरू झाला आहे.

दिव्यांगांचे रोइंग, ज्याला पॅरा रोइंग म्हणतात, ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. २००८ च्या बीजिंग पॅरालिम्पिकपासून हा खेळ त्या स्पर्धेत आहे. आपल्याकडे त्याचे नाव ऐकू येऊ लागले ते अलीकडे. हांगचौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरात, नारायण कोंगनापल्ले आणि अनिता या जोडीने भारताला रौप्यपदक मिळवून दिले. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियात पात्रता स्पर्धा जिंकून ही जोडी पॅरिस पॅरालिम्पिकला गेली आणि आठवी आली. नारायण लष्करातले, जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा पाय गेला. अनिता यांचा पाय रस्त्यावरच्या अपघातात गेला. दोघांची तयारी झाली ती महाराष्ट्रात, पुण्याच्या लष्करी रोइंग केंद्रात.

याच पुण्याच्या लष्करी रोइंगमधून आधी दत्तू भोकनळ तयार झाला होता. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्याचे गाव. दुष्काळी भाग, बापाबरोबर विहिरी खोदणारा मुलगा. त्याने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी रोइंगला तेरावा क्रमांक मिळवला. त्याआधी १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचे पहिले सुवर्ण जिंकणारे मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातले, तेही लष्करातले, आणि तेही पाण्यातलेच : १९६५ च्या युद्धात जखमी झालेला हा बॉक्सर पुढे जलतरणपटू झाला. तिन्ही उदाहरणांत एक धागा आहे. पाण्याशी पिढीजात नाते असणे गरजेचे नव्हते. गरजेची होती एक संस्था, जिच्याकडे पाणी होते, होडी होती, शिकवणारा होता आणि पाण्यापर्यंत नेणारी सोय होती. लष्कराकडे हे सगळे आहे. मंडणगडच्या किंवा राजापूरच्या बौद्धवाडीतल्या, कारखान्यात बोटे गमावलेल्या किंवा आंब्याच्या झाडावरून पडून कंबरेखालची ताकद गेलेल्या तरुणाकडे यातले काय आहे? खाडी आहे. तेवढीच आहे.

मग या खेळात नेमके बदलावे काय लागते?

साध्या रोइंगची रचना आधी समजून घेऊ. शर्यतीची एकेरी होडी साधारण आठ मीटर लांब आणि पाण्याच्या रेषेशी जेमतेम फूटभर रुंद. वजन किमान १४ किलो. बसायची जागा चाकांवर असते आणि रुळावरून मागे-पुढे सरकते. पाहणाऱ्याला वाटते सगळा जोर हातांचा आहे. खरा जोर पायांचा असतो. पाय पुढच्या पाट्यावर रोवायचे, गुडघे सरळ करत जागा मागे ढकलायची, मग पाठ, मग शेवटी हात. वल्हे पाण्यातून बाहेर, पुन्हा पुढे.

पायात ताकद नसेल तर? तर जागा सरकायची गरजच उरत नाही. ती जागच्या जागी पक्की करायची. पाठीला टेकू द्यायचा. छातीशी किंवा कंबरेशी पट्टा बांधायचा म्हणजे जोर लावताना धड पुढे कोसळत नाही. कुणाचे शरीर कुठपर्यंत साथ देते त्यानुसार तीन गट केलेले आहेत. पीआर-१ मध्ये फक्त खांदे आणि हात चालतात. पट्टा छातीशी येतो. पीआर-२ मध्ये कंबरेवरचे धडही चालते. जागा पक्कीच असते, पण वाकून जोर लावता येतो. पीआर-३ मध्ये पायांचा काही उपयोग करता येतो, त्यामुळे सरकती जागा वापरतात. कृत्रिम पाय लावणारे आणि दृष्टिदोष असणारे खेळाडू याच गटात येतात. नारायण आणि अनिता यांची शर्यत पीआर-३ ची मिश्र दुहेरी.

इथे कार्यकर्त्यांनी एक लक्षात ठेवावे. आपल्याकडे दिव्यांगत्व म्हटले की ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र डोळ्यांसमोर येते. रोइंगमधला गट त्या टक्केवारीवरून ठरत नाही. वैद्यकीय कागद पाहतात, स्नायूंची ताकद तपासतात आणि माणूस प्रत्यक्ष वल्हवतो कसा हेही बघतात. त्यामुळे प्रमाणपत्रावरच्या आकड्यावरून कुणाला घरी बसवू नये आणि कुणाला खोटी आशाही देऊ नये. कर्णबधिर आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी पॅरालिम्पिकच्या रोइंगमध्ये गट नाही, हेही खरे. पण गावच्या खाडीत वल्हवायला पॅरालिम्पिकची परवानगी लागत नाही.

दुसरा बदल तोलाचा. फूटभर रुंद होडीत पाय आणि कंबर हीच तोल सांभाळत असतात. ती चालत नसतील तर होडी कलंडणार. म्हणून पीआर-१ च्या एकेरी होडीला दोन्ही बाजूंनी छोटे तरंगते फ्लोट लावणे सक्तीचे आहे. ही होडी थोडी रुंद आणि जडही असते, किमान २४ किलोची. हे वाचताना किनाऱ्यावरच्या माणसाला हसू यायला हवे. कारण होडीच्या बाजूला लाकूड बांधून तिचा तोल राखणे ही आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत आहे आणि तिला आपला शब्द आहे : उलंडी. अरुंद होडी, बाजूला दोन आडव्या काठ्या, काठ्यांच्या टोकाला पाण्यावर टेकणारा ओंडका. जागतिक संघटनेच्या नियमपुस्तकात जे आहे त्याचा बाप आपल्या वाळूत उन्हाला पडलेला आहे. उलंडीची होडी चालवणाऱ्याला कुणी कधी म्हटले नाही की तुझा तोल कच्चा आहे म्हणून तुला हा टेकू लागला. समुद्राला तोंड द्यायचे तर तोल हवा, एवढेच.

तिसरी गोष्ट बदल म्हणावा अशी नाहीच. रोइंगमध्ये वल्हवणारे सगळे पाठमोरे बसतात. शर्यत जिकडे चालली आहे तिकडे त्यांची पाठ असते. मोठ्या होडीत समोर बघणारा एकच, सुकाणू धरून सूचना देणारा, त्याला कॉक्स म्हणतात. म्हणजे डोळस असोत की अंध, वल्हवणारे कॉक्सच्या आवाजावर आणि होडीच्या हिसक्यावर चालतात. पाणी कापल्याचा आवाज एकदम आला की लय जमली, मागेपुढे आला की बिघडली. हे कानाने कळते. पॅरा रोइंगच्या चौघांच्या होडीत दृष्टिबाधित आणि शारीरिक दिव्यांग खेळाडू, स्त्रिया आणि पुरुष एकत्र बसतात, आणि कॉक्स दिव्यांग नसला तरी चालतो. माझ्या मते संघटनेच्या कामासाठी ही होडी सर्वात उपयोगी. त्यात कुणी कुणाला 'घेऊन जात' नाही.

पकड कमजोर असेल तर हाताला वल्ह्याशी धरून ठेवणारा पट्टा असतो. इथे एक नियम मात्र जिवाचा आहे. शरीराला बांधलेला प्रत्येक पट्टा एका झटक्यात, एका ओढीत सुटला पाहिजे. होडी उलटली तर माणूस पट्ट्यात अडकून राहता कामा नये. म्हणून दोरीने बांधणे, गाठ मारणे, बकल लावणे हे 'तात्पुरते जमवून घेऊ' प्रकार या खेळात चालत नाहीत. पहिल्या दिवशी होडी चालवायला शिकवत नाहीत. उथळ पाण्यात, दोन माणसे बाजूला उभी असताना, ती मुद्दाम उलटी करून पट्टा सोडवून बाहेर यायला शिकवतात. लाइफ जॅकेट आणि जवळ थांबलेली मदतीची बोट यांशिवाय कुणाला पाण्यात सोडू नये.

मणक्याला इजा झालेल्यांबाबत आणखी दोन गोष्टी. एक, त्यांना बैठकीच्या जागी संवेदना नसते. कडक पाट्यावर तासभर बसल्याने आणि खाऱ्या पाण्याने कातडी सोलवटली तरी त्यांना कळत नाही, आणि तीच जखम पुढे महिनोन्महिने खाटेवर खिळवते. म्हणून जाड गादी हवी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर कातडी पाहण्याची सवय हवी. दोन, मणक्याची इजा वरच्या भागात असेल तर घाम नीट येत नाही, अंग तापत जाते. कोकणातल्या एप्रिलच्या उन्हात हा धोका खरा आहे. सराव सकाळीच.

होडी झाली. आता मूळ अडचणीकडे येऊ, कारण होडी विकत मिळते, धक्का मिळत नाही.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. समजा धक्क्यापासून पाण्यापर्यंत उतार बांधायचा. व्हीलचेअर स्वतः ढकलत उतरता-चढता यावी यासाठी उताराचे मान्य प्रमाण १ ला १२ आहे. एक फूट उतरायला बारा फूट लांबी. दोन मीटर उतरायचे तर चोवीस मीटर लांब उतार, आणि त्याचा खालचा अर्धा भाग दिवसातून दोनदा पाण्याखाली जाऊन शेवाळ धरणार. म्हणून जगभर यावरचा उपाय म्हणजे तरंगता धक्का. पिंपांवर किंवा पोकळ ठोकळ्यांवर बसवलेला सपाट तराफा, खांबांना कड्यांनी अडकवलेला, पाण्याबरोबर वर-खाली होणारा. काठापासून त्याच्यापर्यंत बिजागरीवर हलणारा पूल. भरतीला पूल जवळजवळ आडवा होतो, ओहोटीला तिरका. होडी आणि तराफा यांच्यातले अंतर मात्र दिवसभर तेवढेच राहते. हाच त्याचा फायदा.

तराफ्यावर पोहोचल्यावर खुर्चीतून होडीत बसायचे. खुर्ची जमिनीपासून दीड-पावणेदोन फूट उंच, होडीतली जागा जवळजवळ पाण्याच्या पातळीला. एवढी उडी एकदम मारता येत नाही. परदेशी क्लब यासाठी खास पायऱ्यांचे ठोकळे वापरतात. आपल्या घरात ते आहेत : चौरंग आणि पाट. खुर्चीतून चौरंगावर, चौरंगावरून पाटावर, पाटावरून होडीत. प्रत्येक टप्प्यावर हातांनी अंग उचलायचे. दोघे साथीदार होडी तराफ्याशी घट्ट धरून ठेवतात. त्यांचे काम होडी धरणे, माणूस धरणे नव्हे. काहींना मदत लागेल, ती कुठे आणि कशी लागेल हे त्यांनाच विचारायचे. घाईत काखेत हात घालून उचलणाऱ्या उत्साही कार्यकर्त्याने खांदा निखळवल्याची गोष्ट कुठल्याही पुनर्वसन केंद्रात ऐकायला मिळेल.

कुठल्या पाण्यात? उघड्या समुद्रात अरुंद होडी चालत नाही. भाट्याची खाडी, जिथे काजळी नदी समुद्राला मिळते, ती थिबा पॉइंटवरून सगळी दिसते. थिबा राजाचा राजवाडा बघायला आपल्याकडचे अनेकजण येतात. तिथून खाली नजर टाकली की मुखाशी लाटा आणि मच्छीमार बोटींची वर्दळ, तर आत सरकत गेले की शांत पाणी दिसते. शोध अशाच आतल्या पाण्याचा घ्यायचा. जयगडच्या खाडीला, शास्त्री नदीच्या वरच्या भागातही जागा सापडतील. वाशिष्ठीचे पाणी सुंदर आहे, पण तिथे मगरी आहेत आणि त्या दाखवायला पर्यटकांच्या होड्या जातात. नवशिक्यांनी तिथे होडी उलटण्याचा सराव करावा असे मी सुचवणार नाही.

अरुंद होडीच हवी असाही हट्ट नको. किनारी रोइंगच्या होड्या रुंद, दणकट आणि आत आलेले पाणी आपोआप बाहेर टाकणाऱ्या असतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये किनारी रोइंगची शर्यत पहिल्यांदाच होणार आहे. कोकणाच्या प्रकृतीला हाच प्रकार मानवेल. आणि होडीच्या आधी जमिनीवरचे रोइंग यंत्र आहे. जिमखान्यात दिसते तेच. त्याची सरकती जागा पक्की करून टेकू लावला की पीआर-१ चा खेळाडूही त्यावर सराव करू शकतो. त्याच्या वेगळ्या स्पर्धा होतात. पावसाळ्याचे चार महिने तर दुसरा इलाजच नाही.

पॅरालिम्पिक आणि जागतिक अजिंक्यपद या दोन्हींत पॅरा रोइंगची शर्यत २०१७ पूर्वी १००० मीटरची होती. आता २००० मीटरची आहे, इतर रोइंगपटूंएवढीच. अंतर कमी ठेवणे ही सवलत नव्हती, तो कमी लेखण्याचाच प्रकार होता असे मला वाटते.

आता कायद्याचे. 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' बहुतेकांना नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणासाठी माहीत असतो. त्याचे कलम ३० खेळांविषयी आहे आणि त्यात सर्व क्रीडाप्रकारांच्या पायाभूत सुविधा दिव्यांगांसाठी नव्याने रचण्याची जबाबदारी सरकारवर आहे. सर्व म्हणजे सर्व. बुद्धिबळ आणि कॅरम घेऊन ३ डिसेंबरला फोटो काढला की कलम ३० पूर्ण होत नाही. त्याच कायद्यात 'सार्वजनिक इमारत' कशाला म्हणावे याची व्याख्या आहे. रेल्वे स्थानक, एसटी स्थानक, विमानतळ यांच्या यादीत जलमार्गही आहेत. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ च्या जूनमध्ये आले. मुदत कधीच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेची मानके केवळ शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान मानके बंधनकारक हवीत.

त्या व्याख्येच्या यादीत 'धार्मिक' हाही शब्द आहे. म्हणजे आपले विहारही. आपल्या किती विहारांना उतार आहे, हे प्रत्येकाने आपापल्या वाडीत पाहावे. आमच्याकडे पाच पायऱ्या आहेत आणि वंदनेला एक म्हातारी गेली दोन वर्षे बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. ती पायऱ्यांबद्दल तक्रार करत नाही म्हणून आम्हीही केली नाही. सागरी मंडळाला निवेदन देण्याआधी वाळू-सिमेंटची दोन पोती आपल्या दारात पडलेली बरी.

पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क म्हणजे काय हे १९२७ च्या महाडनंतर आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. तुलना ओढूनताणून करण्याची गरज नाही. तिथे माणसांनी माणसांना अडवले होते, इथे बहुतेक वेळा कुणी अडवत नाही. नुसता विचार केलेला नसतो. पण वर थांबलेल्याला दोन्हींत पाणी लांबूनच दिसते. आणि जो जातीनेही खालचा मानला गेला आणि शरीरानेही, त्याच्या बाबतीत दुसऱ्या कारणाचा आडोसा घेऊन पहिले कारण काम करत राहते. मुलगी असेल तर तिसरे. रोइंगसाठी मुलीला पाठवा म्हटल्यावर घरचे पहिला प्रश्न पोहण्याचा विचारत नाहीत. कपडे कोण बदलवणार, होडीत कोण उचलणार, हे विचारतात. प्रश्न रास्त आहे. धक्क्याजवळ चाकाची खुर्ची वळेल एवढी बंदिस्त खोली आणि स्वच्छतागृह नसेल तर खेळ मुलांचाच राहील.

पैसा आणि परवानगी कुठून? किनाऱ्यावरच्या छोट्या बंदरांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतो, मासेमारीच्या काही धक्क्यांचा मत्स्यव्यवसाय विभागाकडे. धक्का नेमका कुणाचा, हे माहिती अधिकारात आधी विचारून घ्यावे. नाहीतर वर्षभर दोन कार्यालयांमध्ये चेंडू टोलवला जातो. ग्रामपंचायत आणि नगरपरिषद यांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी माणशी काही रुपये वाटून संपवला जातो, आणि गरज एवढी असते की ते वाटप चुकीचे म्हणवत नाही. पण ग्रामसभेत या निधीचा हिशेब मागणारा माणूस असला तर त्यातून काही टिकाऊ उभे राहू शकते. राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग २०२२ च्या ३ डिसेंबरपासून आहे. खेळासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी. स्पर्धेपर्यंत जायचे असेल तर हे ध्यानात असू द्या की पॅरा रोइंग हा जागतिक रोइंग संघटनेच्याच कक्षेतला खेळ आहे. म्हणून भारतात विचारणा रोइंग फेडरेशन ऑफ इंडिया आणि तिच्या राज्य संघटनेकडे करायची.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या बऱ्याच वाड्या खाडीपासून दूर, डोंगराच्या अंगाला आहेत. होडीचे ज्ञान खारवी, भंडारी, गाबीत आणि दालदी मुसलमान यांच्याकडे आहे. भाट्याच्या खाडीतले पाणी कुठे वळते, वाळूचा दांडा यंदा कुठे सरकला, हे राजिवड्याचा नाखवा सांगेल; पुण्याहून आलेला प्रशिक्षक सांगू शकणार नाही. त्यांच्यातही समुद्रावर अपघात होऊन हात-पाय गमावलेले लोक आहेत, ज्यांच्या हातांना वल्हे आधीच माहीत आहे. पहिल्या होडीत बसायला त्यांच्याइतका योग्य माणूस नाही. हे काम फक्त आपल्या बॅनरखाली करायचे म्हटले तर ते होणार नाही, आणि झाले तरी वाईट होईल.

सुरुवात मोजणीने करावी. टेप, वही, एक व्हीलचेअर आणि ती रोज वापरणारा माणूस बरोबर घ्यायचा. पायऱ्या किती, प्रत्येकीची उंची किती, रस्त्यापासून धक्क्यापर्यंत वाट कशी, कठडा आहे का, शेवटची पायरी आणि चिखल यांत अंतर किती, हे लिहून फोटो काढायचे. वेळ मात्र तिथी पाहून ठरवा. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. पाणी सव्वाअकराच्या सुमाराला भरते आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला तळ दाखवते. मोजणी त्या संध्याकाळी करा. पाहणीला येणारे अधिकारी बहुधा अकराच्या सुमारास येतात आणि तेव्हा पाणी वरच्या पायरीला लागलेले असते.

पहिल्यांदा होडी पाण्यात घालाल तेव्हा मात्र उलटे करा. अष्टमी निवडा. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला पाणी भरलेले, भांगाचे दिवस म्हणून ओढ कमी, ऊन नाही, मासेमारी बोटींची गर्दी ओसरलेली. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, पण पाऊस आणि नदीचा लोंढा ओसरायला ऑक्टोबर उजाडतो. पाट आणि चौरंग आदल्या रात्रीच गाडीत टाकून ठेवा.